लवंगेचा पहिला नंबर

लवंग पहिली आली. २०१० साली फ्रान्समधल्या संशोधकांनी पॉलिफेनॉलांच्या बाबतीत सर्वांत श्रीमंत अशा शंभर खाद्यपदार्थांची गुणवत्ता यादी लावली, तिच्यात ही अव्वल. शंभर ग्रॅमला १५,१८८ मिलिग्रॅम. दुसरा वाळवलेला पुदिना, तिसरं चक्रीफूल. पहिल्या तिघांत फळ नाही, धान्य नाही, पोटभर खाता येईल असं काहीच नाही.

आता शंभर ग्रॅम लवंग कोण खातो ते कुणी तरी सांगावं. मसालेभाताच्या पातेल्यात पाच-सहा पडतात आणि ज्याच्या पानात येतात तो त्या उचलून मिठाशेजारी ठेवतो. शिवाय त्या पंधरा हजारांतला मोठा वाटा युजेनॉलचा. दाताचा डॉक्टर तात्पुरतं सिमेंट भरतो तेव्हा नाकात जातो तो वास त्याचाच. यादी करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी त्याच लेखात एका वेळच्या वाढणीच्या हिशेबाने दुसरी यादी दिली आहे. तिच्यात बेरी, कॉफी वगैरे मंडळी वर येतात. पण ती यादी कुणी फॉरवर्ड करत नाही. सकाळी साडेसहाला गुलाबाच्या फुलासकट येते ती पहिलीच, आणि सोबत ‘रोज दोन लवंगा चावा, डॉक्टरला विसरा’ हा सल्ला. दोन लवंगांचं वजन किती, हे विचारणारा ग्रुपमधून गेलाच समजा.

ही पॉलिफेनॉलं म्हणजे अन्नातले जैवसक्रिय घटक. यांची जात जरा वेगळी. क जीवनसत्त्व मिळालं नाही तर हिरड्यांतून रक्त येतं, लोह कमी पडलं तर माणूस पांढराफटक होतो. पॉलिफेनॉलांच्या अभावाने अमुक रोग झाला, असं नाव घेऊन सांगता येत नाही. मिळाली तर हृदयाचं, रक्तदाबाचं, कदाचित मेंदूचंही भलं होत असावं, असा वहीम आहे. वहीम चांगला सशक्त आहे, पण वहिमावर दुकान चालत नाही. दुकान आकड्यावर चालतं.

आकडे कुठून येतात? लवंगेचा आला फेनॉल-एक्सप्लोररमधून. ऑगस्टिन स्काल्बेर आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २००९ साली उभा केलेला हा डेटाबेस. सुमारे ५०० पॉलिफेनॉलं, ४०० हून अधिक पदार्थ, ३५ हजारांवर नोंदी. या नोंदी त्यांनी प्रयोगशाळेत बसून काढलेल्या नाहीत. जगभरच्या संशोधकांनी आपापल्या कारणासाठी केलेली मोजमापं शोधनिबंधांतून वेचली, पारखली आणि रकान्यांत बसवली. काम कारकुनी आहे आणि ते करणाऱ्याला कुणी हार घालत नाही. युरोपात ईबेसिस नावाचा दुसरा डेटाबेस आहे, त्यात तर मोजमाप किती विश्वासाचं, यालाही गुण देतात. म्हणजे डेटाबेस करणारे आपल्या आकड्यांकडे संशयाने बघतात. वापरणारे श्रद्धेने बघतात. सगळा घोळ या दोन नजरांमधला आहे.

हळद घ्या. सांगलीची, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची, मेघालयातल्या लाकाडोंगची. वायगाववाले आपल्या हळदीत कर्क्युमिन जास्त म्हणून छाती काढून सांगतात, लाकाडोंगवाले सात टक्क्यांच्या खाली बोलतच नाहीत. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २००६ साली तिथे बाजारात मिळणाऱ्या पुड्या तपासल्या. निव्वळ हळदीत सरासरी ३.१४ टक्के कर्क्युमिन निघालं आणि ‘करी पावडर’ म्हणून जे विकतात त्यात, एखादा अपवाद सोडला, तर अगदीच नाममात्र. आता तुमच्या मोबाइलमधल्या आहार-अ‍ॅपला विचारा. त्याला हळद एकच माहीत आहे. तिचं गाव नाही, जात नाही, ती किती महिने बरणीत पडून आहे याचा पत्ता नाही. एका ओळीत एक आकडा, आणि त्या आकड्याला दशांश चिन्हानंतर दोन अंक. त्या दोन अंकांची मला फार गंमत वाटते.

बरं, पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात पोचतं का? जेमतेम. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ साली माणसांवर केलेला प्रयोग फार गाजला. कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपरिन दिलं तर शरीराला मिळणारं प्रमाण २,००० टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. तेव्हापासून हळद-मिरीच्या गोळ्यांच्या प्रत्येक बाटलीवर हा दोन हजारांचा आकडा ठळक छापलेला असतो. नुसतं कर्क्युमिन दिलं तेव्हा रक्तात ते सापडायचीच मारामार होती, हे बाटलीवर छापायला जागा उरत नाही. किती टक्के वाढलं हे सांगताना आधी किती होतं ते गाळायचं, ही युक्ती सरकारी अंदाजपत्रकापासून गोळीच्या बाटलीपर्यंत सगळीकडे चालते.

मोजायची पद्धत हाही एक किस्साच. ‘एकूण पॉलिफेनॉल’ काढायची सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत लाडकी चाचणी फोलिन-सिओकॅल्ट्यू यांच्या नावाची. द्रव घाला, निळा रंग किती चढला ते बघा. अडचण एवढीच, की हा निळा रंग पॉलिफेनॉल बघूनच चढतो असं नाही. क जीवनसत्त्व दिसलं तरी चढतो, काही साखरा दिसल्या तरी चढतो. आवळ्याचा रस घेऊन या चाचणीला बसलात तर निकाल डिस्टिंक्शनचा लागणार, आणि त्यातले किती गुण कुणाचे ते परीक्षकालाही कळणार नाही. वेगवेगळी संयुगं सुटी करून मोजायची यंत्रं आहेत. ती महाग आहेत. त्यामुळे दोन पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी नांदतात आणि अ‍ॅपवाला दोघांनाही एकाच आडनावाने हाक मारतो.

यात सर्वांत मोठी फजिती अमेरिकी सरकारची झाली. तिथल्या कृषी खात्याने २००७ साली ‘ओरॅक’चा तक्ता काढला. पदार्थात ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद किती, हे परीक्षानळीत मोजायचं आणि यादी लावायची. मसाले पुन्हा वर. लवंगेचा आकडा तर लाखांत. रस विकणारे, गोळ्या विकणारे, ज्याला त्याला हा आकडा सापडला. ब्राझीलमधल्या कुठल्या फळाचा ओरॅक डाळिंबाच्या किती पट, यावर बाटलीची किंमत ठरायला लागली. शेवटी २०१२ साली खात्याने तो तक्ता आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकला. कारण स्वच्छ लिहिलं: परीक्षानळीतल्या या आकड्यांचा माणसाच्या शरीरातल्या परिणामांशी संबंध दाखवता येत नाही आणि कंपन्या व ग्राहक दोघंही त्यांचा गैरवापर करताहेत. सरकारी खात्याने आपला तक्ता चुकीच्या हातात पडला म्हणून स्वतः मागे घेतल्याचं उदाहरण आपल्याकडे शोधत बसा. तक्ता गेला तरी आकडे मात्र आजही बाटल्यांवर खुशाल आहेत.

आपल्याकडचा तक्ता त्यामानाने खानदानी. १९३७ साली कुन्नूरला अॅक्रॉइड साहेबांनी भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांचं पहिलं पुस्तक काढलं. पुढे त्यांची संस्था हैदराबादला आली, राष्ट्रीय पोषण संस्था झाली, आणि १९७१ साली गोपालन आणि सहकाऱ्यांचं पुस्तक आलं. आहारशास्त्र शिकलेल्या कुठल्याही बाईच्या कपाटात त्याची पानं सुटलेली प्रत सापडेल. २०१७ साली त्याच संस्थेने नवे तक्ते काढले. देशाच्या सहा विभागांतून नमुने आणून ५२८ पदार्थ तपासले, १५१ घटक मोजले. यात पहिल्यांदाच पॉलिफेनॉलं वगैरे मंडळी एवढ्या थाटात बसली. हे काम खरोखर दांडगं आहे. त्याला मी नाव ठेवणार नाही.

फक्त ते तक्ते मुख्यतः कच्च्या पदार्थांचे आहेत. आणि आपण कच्चं खात नाही. आपण अंबाडीची भाजी आधी उकडतो, पाणी काढून टाकतो, पिळतो, मग लसणीची फोडणी देतो आणि वर तांदळाच्या कण्या घालतो. यातलं काय पाण्याबरोबर मोरीत गेलं, काय तेलात उतरलं आणि काय जळलं? फ्रेंच डेटाबेसने २०१३ साली शिजवण्यात काय टिकतं, काय जातं याचे गुणक घातले, हे मान्य. ते उकळणं, भाजणं, तळणं अशा सभ्य क्रियांसाठी आहेत. कुकरच्या तीन शिट्या, वर चिंचेचा कोळ, मग सायंकाळी उरलेलं परत गरम करणं, यासाठी गुणक काढायला बसणाऱ्याला आधी आपल्या घरी चार महिने राहावं लागेल. गोडा मसाला तर सोडाच. तिथे दगडफूल, नागकेशर, तीळ, खोबरं भाजून एकत्र कुटलेलं असतं, आणि दोन घरांचा मसाला एक निघाला तर त्यांचं नातं तपासावं.

इथवर निम्मा हिशेब झाला. पदार्थात काय आहे, एवढंच. उरलेला निम्मा म्हणजे माणसाने तो पदार्थ किती खाल्ला. खरी करमणूक इथे आहे.

पद्धत अशी. प्रगणक दारात येतो आणि विचारतो, काल सकाळपासून काय काय खाल्लंत? त्याच्याकडे प्रमाणित वाट्यांचा संच असतो. राष्ट्रीय पोषण देखरेख विभागाने १९७२ पासून गावोगाव हेच केलं, आणि मन लावून केलं. पण समोर माणूस बसलेला असतो. तो श्रावणात वेगळं सांगणार आणि गटारीच्या दुसऱ्या दिवशी वेगळं. गटारीच्या दुसऱ्या दिवशी तर तो दारच उघडणार नाही. पाहुण्यासमोर चार भाकऱ्या खाल्ल्या म्हणायला लाजणारे आहेत, आणि घरात काही नव्हतं म्हणायला लाजणारे त्याहून जास्त आहेत. ‘भाजी किती?’ ‘एक वाटी.’ ‘तेल किती?’ ‘जेवढं लागतं तेवढं.’ या उत्तरावर पुढे पीएच.डी. होते.

उत्तर घरच्या कर्त्या पुरुषाने दिलं, तर त्याला भाजीचं नाव आठवलं तरी पुष्कळ. जिने केली ती सगळ्यांच्या मागून जेवते, उरलंसुरलं संपवते, आणि चव बघताना, मुलाचं ताट उचलताना तोंडात गेलेलं तिच्या स्वतःच्याही हिशेबात नसतं. घरातल्या एकूण शिध्याला माणशी भागून आकडा काढला की कागदावर नवरा-बायको समान होतात. घरात समानता यायला वेळ लागतोय, सर्वेक्षणात ती भागाकाराने लगेच येते.

तुम्ही म्हणाल, अडाणी माणसाचं सोडा. चला अमेरिकेला. तिथे २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात ४८४ स्त्री-पुरुषांना आहार विचारला आणि त्यांच्या नकळत नव्हे, चांगलं सांगून-सवरून, विशिष्ट समस्थानिकांचं पाणी पाजलं. त्या पाण्यावरून शरीराने खरी किती ऊर्जा खर्च केली ते कळतं. पुरुषांनी चोवीस तासांच्या आठवणीत १२ ते १४ टक्के कमी सांगितलं होतं. ‘अमुक पदार्थ महिन्यातून किती वेळा खाता’ या लांबलचक प्रश्नावलीत तर ३१ ते ३६ टक्के कमी. बायकांचे आकडे याहूनही थोडे वर. म्हणजे एक तृतीयांश जेवण कागदावर आलंच नाही. आणि मोठमोठे अभ्यास चालतात ते प्रामुख्याने याच प्रश्नावलीवर, कारण ती पोस्टाने पाठवता येते.

आणि खरं सांगितलं तरी एका दिवसावरून काय कळतं? हा प्रश्न आपल्या साताऱ्याच्या माणसाने जगाला विचारून झाला आहे. पां. वा. सुखात्मे. जन्म बुध गावचा, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख, नंतर मुक्काम पुण्याला. तोच माणूस, तेच काम, तरी त्याचं खाणं आणि शरीराची गरज रोज हलत असते. तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नका, असं त्यांचं म्हणणं. यावर अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला. तक्त्यांचे गोपालनही विरुद्ध बाजूला उभे राहिले. देशातली भूक कागदावर कमी करायचा हा मार्ग होईल, ही भीती होती, आणि ती रास्त होती. पण एका दिवसाचा आहार विचारून माणसाचा स्वभाव लिहू नये, एवढा सुखात्म्यांचा मुद्दा आजही कुणी खोडलेला नाही. उष्मांकांच्या बाबतीत तो खरा असेल तर पॉलिफेनॉलांच्या बाबतीत दसपट खरा. पोळी रोज असते, जांभळं महिनाभर.

तर आता गुणाकार करा. डगमगता आकडा गुणिले डगमगती आठवण. फेनॉल-एक्सप्लोरर वापरून निघालेली दिवसाची सरासरी बघा: स्पेनमधल्या एका अभ्यासात ८२० मिलिग्रॅम, फ्रान्समध्ये १,१९३, पोलंडमध्ये १,७५७. ऑलिव्ह आणि द्राक्षांच्या देशाला पोलंडने दुपटीने मागे टाकलं. कशाच्या जोरावर? कॉफी आणि चहा. फ्रान्समध्येही पहिला वाटा कॉफीचाच होता. रेड वाइनवर लेख लिहून थकलेल्या आमच्या पुरवण्यांनी हे वाचलं तर त्यांना दोन दिवस सुट्टी घ्यावी लागेल. आणि त्या १,७५७ पैकी किती पोलिश माणसाचे आणि किती पोलिश प्रश्नावलीचे, ते वेगळं काढून दाखवा.

यावर काही शहाण्यांनी उपाय काढला, तो मला अतिशय आवडतो. तोंडाला विचारूच नका, लघवीला विचारा. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात नव्वदच्या दशकात हजारो लोकांची नोंदणी झाली होती. त्यांतल्या २५,६१८ जणांचे लघवीचे नमुने तपासून, चहा-कोको-सफरचंदात असणारी फ्लॅव्हनॉल नावाची पॉलिफेनॉलं शरीरात खरोखर किती गेली, ते काढलं. निकाल २०२० मध्ये छापून आला. सर्वांत कमी दहा टक्के आणि सर्वांत जास्त दहा टक्के यांच्या वरच्या रक्तदाबात २ ते ४ मिलिमीटरचा फरक निघाला. पुढे याच मंडळींनी नॉरफोकचेच आहाराचे कागद घेऊन दाखवलं, की पदार्थातलं प्रमाण किमान धरलं की कमाल, यावर एकच माणूस यादीच्या तळालाही जातो आणि शेंड्यालाही. जेवण तेच, माणूस तोच. तक्त्याच्या जोरावर ‘जास्त खाणारे’ आणि ‘कमी खाणारे’ असे गट पाडून निघालेल्या शेकडो निष्कर्षांवर हे थंड पाणी होतं. त्या निष्कर्षांच्या बातम्या आल्या होत्या. पाण्याची बातमी आली नाही.

लघवीही सगळं बोलते असं नाही. तिला कालचं-परवाचं आठवतं, गेल्या वर्षीचं नाही. भरवशाच्या खुणा अजून मोजक्याच घटकांच्या सापडल्या आहेत. त्यातून आतड्यातले जंतू आपला हात मारतात तो वेगळाच. सोयाबीनमधल्या एका घटकापासून इक्वॉल नावाचं संयुग बनवणारे जंतू पाश्चात्त्यांत तिघा-चौघांत एकाकडेच असतात, आशियाई लोकांत निम्म्याअधिक जणांकडे. दोघांनी एकाच कढईतली भाजी खाल्ली तरी एकाला ते मिळतं, दुसऱ्याला नाही. त्याची पावती तक्ता देत नाही.

पण इतक्या अनिश्चिततेत व्यापारी थांबत नाही. २०२२ साली अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने फ्लॅव्हनॉलांची पहिली शिफारस केली, दिवसाला ४०० ते ६०० मिलिग्रॅम, आणि ती अन्नातूनच, गोळ्यांतून नव्हे, असंही बजावलं. वाचणाऱ्यांनी चारशे ते सहाशे वाचलं, पुढचं वाचलं नाही.

या फ्लॅव्हनॉलांच्या संशोधनात बरीच वर्षं पैसा ओततेय ती मार्स कंपनी. होय, चॉकलेटवाली. नॉरफोकच्या कामातही तिची माणसं होती. तिच्याच मदतीने अमेरिकेत २१,४४२ वयस्कांवर मोठी चाचणी झाली, रोज ५०० मिलिग्रॅम कोको-फ्लॅव्हनॉल. निकाल २०२२ मध्ये आला. हृदयविकाराच्या एकूण घटना दहा टक्क्यांनी कमी दिसल्या, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका कच्चा होता. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं, मात्र तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता. हे सगळं लेखकांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

मला रस आहे तो त्यांनी लोकांना काय दिलं यात. चॉकलेट दिलं नाही. कोकोवर क्षाराची प्रक्रिया करून तो काळा आणि कमी कडू केला की त्यातली बहुतांश फ्लॅव्हनॉलं जातात, वडीत साखर आणि चरबी येते ती वेगळी, आणि कुठल्या वडीत नेमकं किती उरलं याची खात्री देता येत नाही. म्हणून चॉकलेटच्या कंपनीच्या मदतीने झालेल्या चाचणीत रोज दिली ती कॅप्सूल.